एला फ्लॅग यंग आणि शिकागो शहराच्या शाळा

इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें लढाया, तह, राज्यारोहणें आणि फार झालें तर कायदेमंडळांतील वादविवाद उभे राहतात. एखाद्या शहरांतील शाळांचा कारभार कोणीं कसा चालविला, हा विषय इतिहासाच्या पोथींत घालण्याजोगा आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु शाळांसाठीं कर कोणीं भरावा, क्रमिक पुस्तक कोणतें लावावें, शिक्षकानें वरिष्ठांपुढें किती बोलावें, कारागिराच्या मुलास काय शिकवावें आणि व्यापाऱ्याच्या मुलास काय, हे प्रश्न ज्या कचेरींत रोजच्या रोज निकालांत निघतात, तेथें लोकसत्तेची परीक्षा कायदेमंडळाहून कमी कडक होत नाहीं. प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या शाळाखात्याच्या एका अधिकारिणीची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिची कारकीर्द अवघी सहा-साडेसहा वर्षांची. पण त्या अवधींत जो वाद उपस्थित झाला तो शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्राथमिक आणि दुय्यम शिक्षण हा मध्यवर्ती सरकारचा विषय नव्हे. तो एकेका संस्थानाचा. आणि संस्थानांनीं तो बहुतांशीं स्थानिक मंडळांकडे सोंपविलेला. अशा एका मंडळाच्या ताब्यांतील मुलखास ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडील कलेक्टरचा जिल्हा नव्हे. तो कोठें एखाद्या खेड्याएवढा असतो, तर कोठें सबंध महानगराएवढा. त्याचें एक स्कूल बोर्ड असतें, आणि बोर्डाच्या वतीनें सर्व शाळा चालविणारा एक सुपरिंटेंडेंट असतो. शहरच्या शाळांवर असा पगारी अधिकारी नेमण्याची चाल १८३७ सालीं बफेलो व लुइव्हिल ह्या शहरांत सुरू झाली. शिकागोंत ती १८५४ सालीं आली. सुपरिंटेंडेंटाच्या अधिकारांत मूळचीच एक अडचण आहे. तो बोर्डाचा नोकर, शिक्षकांचा वरिष्ठ आणि लोकांच्या मुलांचा विश्वस्त असा तिहेरी बांधलेला असतो. आणि हे तीन धनी एकमतानें वागतील असा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं.

शिकागोंत ही अडचण अधिकच तीव्र होती. १८६० सालीं ह्या शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आंत होती. १८७१ सालीं मोठी आग लागून शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. तरीही १९०० सालीं वस्ती सतरा लाखांच्या घरांत गेली आणि १९१० सालीं बावीस लाखांच्या जवळ आली. जर्मन, आयरिश, पोल, बोहेमियन, इटालियन, रशियांतून आलेले यहुदी असे नाना भाषांचे लोक तेथें कारखान्यांच्या व कत्तलखान्यांच्या आसऱ्यानें राहिले. त्यांचीं मुलें इंग्रजी शिकलीं तीं सार्वजनिक शाळांत. स्कूल बोर्डाचे एकवीस सभासद लोकांनीं निवडलेले नसून शहराच्या मेयरनें नेमलेले असत. त्यामुळें मेयर बदलला कीं बोर्डाचा रंग बदले आणि बोर्डाचा रंग बदलला कीं शाळांतही वारा फिरे.

अशा ह्या खात्याच्या प्रमुखपदीं जी स्त्री आली तिचें नांव एला फ्लॅग यंग. तिचा जन्म १८४५ सालीं बफेलो येथें झाला. बाप धातूचे पत्रे ठोकणारा कारागीर. प्रकृति नाजूक म्हणून तिला लहानपणीं शाळेंत घातलेंच नव्हतें. एका शाळेला लागलेल्या आगीची वर्तमानपत्रांतील बातमी आईनें वाचून दाखविली. ती ऐकून मुलीनें तो मजकूर पाठ केला आणि त्याच्याच आधारें एकेक शब्द ओळखून ती आपली आपण वाचावयास शिकली, असें तिचे चरित्रकार सांगतात. १८५८ सालीं हें कुटुंब शिकागोस आलें. १८६२ सालीं तेथील नॉर्मल स्कूलची, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंग शाळेची, परीक्षा उतरून वयाच्या सतराव्या वर्षीं ती शिक्षिका झाली. विवाह १८६८ सालीं झाला, पण थोड्याच वर्षांत वैधव्य आलें. पुढील सारें आयुष्य शाळांच्याच कामीं लागलें. मुख्याध्यापिका झाल्यावर कांहीं वर्षांनीं, १८८७ सालीं, यंगबाईंना असिस्टंट सुपरिंटेंडेंटचें पद मिळालें आणि बारा वर्षें त्यांनीं तें सांभाळिलें.

येथवरची हकीकत एखाद्या कर्तबगार नोकराची आहे. ह्या पुढें मात्र तिला निराळें वळण लागलें. १८९८ सालीं अँड्र्यूज नांवाचे एक कॉलेजचे माजी प्रेसिडेंट सुपरिंटेंडेंट म्हणून आले. ह्याच सुमारास, शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हार्पर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन बसलें आणि १८९९ सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला. व्यापारी कंपनीचा जसा एक मुख्य मॅनेजर असतो तसा शाळांचाही असावा, सर्व सूत्रें त्याच्या हातीं असावीं, अशी त्यांतील विचारसरणी होती. कार्यक्षमतेच्या दृष्टीनें पाहतां तींत तथ्य नव्हतें असें नाहीं. बोर्डाच्या सभासदांच्या वशिल्यानें नेमणुका होत असत, आणि त्या थांबविणें अवश्यच होतें. परंतु वरून हुकूम सुटावा व खालच्यांनीं मुकाट्यानें तो बजावावा, ही रीत यंगबाईंना पटेना. १८९९ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. तेव्हां त्यांचें वय चौपन्न वर्षांचें होतें.

ज्या वयांत आपल्याकडील गृहस्थ पेन्शनचा हिशेब करूं लागतात, त्या वयांत ह्या बाई विद्यापीठांत पूर्ण वेळ विद्यार्थिनी झाल्या. शिकागो विद्यापीठांत त्या वेळीं जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ शिकवीत होते आणि १८९६ पासून एक प्रयोगशाळाही चालवीत होते. यंगबाई त्यांच्या वर्गांत पूर्वीपासून येत असत. आतां त्यांनीं त्यांच्या हाताखालीं प्रबंध लिहिला आणि १९०० सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, डॉक्टरची पदवी मिळविली. मात्र हा संबंध एकेरी नव्हता. शाळेचा प्रत्यक्ष कारभार कसा चालतो आणि अधिकाराचा शिक्षकाच्या मनावर कसा परिणाम होतो, हें आपण यंगबाईंपासून शिकलों, असें ड्यूईंनीं पुढें मोकळेपणानें कबूल केलें आहे. गुरूनें शिष्याचें ऋण मानावें, असे प्रसंग विद्येच्या इतिहासांत विरळा.

त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘शाळेंतील अलगपणा’ हा होता. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत असा सांगूं: मोठ्या शहरांतील शाळाखात्यांत विचार करणारे थोडे आणि राबणारे पुष्कळ अशी फाळणी होते. अभ्यासक्रम एकानें आंखावा, पुस्तक दुसऱ्यानें निवडावें, तपासणी तिसऱ्यानें करावी, आणि जिला मुलांपुढें प्रत्यक्ष उभें राहावयाचें त्या शिक्षिकेनें फक्त सांगितलेलें करावें. कारखान्यांतील यंत्रावरच्या मजुरासारखी तिची स्थिति होते. जिला स्वतः विचार करण्यास मनाई आहे ती मुलांना विचार करावयास कशी शिकविणार? आणि ज्या शाळेंत कोणीच मोकळेपणानें बोलत नाहीं त्या शाळेंतून लोकसत्तेचे नागरिक कसे निघणार? ह्यावर त्यांनीं सुचविलेला उपाय म्हणजे शिक्षकांच्या सभा. प्रत्येक शाळेंत शिक्षकांनीं एकत्र बसावें, अभ्यासक्रमावर मत द्यावें, आपले प्रतिनिधि वरच्या सभेंत पाठवावे, आणि शेवटचा निर्णय सुपरिंटेंडेंटनें करावयाचा असला तरी तो ह्या मतांना टाळून करूं नये.

इकडे शिक्षिका केवळ प्रबंधाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. १८९७ सालीं शिकागोंतील प्राथमिक शिक्षिकांनीं ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ नांवाचा संघ काढिला होता. बोर्डानें १८९८ सालीं कबूल केलेली पगारवाढ १९०० सालीं पैसे नाहींत म्हणून मागें घेतली. तेव्हां मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन ह्या दोघी शिक्षिकांनीं, पैसे कां नाहींत, ह्याचाच शोध लावावयाचें ठरविलें. शहरांतील गॅस, वीज, टेलिफोन आणि ट्राम ह्यांच्या कंपन्यांना रस्ते वापरण्याचे जे मक्ते मिळाले होते, त्यांच्या किंमतीवर कायद्याप्रमाणें कर बसावयास पाहिजे होता. तो आकारलाच जात नव्हता. हेलीबाईंनीं वर्ग सोडून कागदपत्रें धुंडाळलीं आणि प्रकरण इलिनॉय संस्थानाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेलें. १९०१ सालीं निकाल शिक्षिकांच्या बाजूनें लागला. पुढें फेडरल कोर्टानें कराची रक्कम बरीच कमी केली, तरी सुमारें सहा लाख डॉलर सार्वजनिक तिजोरींत आले. त्यांतील आपला वांटा बोर्डानें पगाराकडे न लावतां कोळसा व डागडुजी ह्यांकडे वळविला, तेव्हां शिक्षिका पुन्हां कोर्टांत गेल्या आणि १९०४ सालीं तोही दावा जिंकल्या. दरम्यान १९०२ सालीं हा संघ शहरच्या मजूरसंघांच्या मध्यवर्ती मंडळास जाऊन मिळाला होता. पांढरपेशा शिक्षिकांनीं गवंडी, सुतार, गाडीवान ह्यांच्या पंक्तीस बसावें, हें पुष्कळ प्रतिष्ठितांना असह्य झालें.

१९०० ते १९०९ पर्यंत कूली नांवाचे गृहस्थ सुपरिंटेंडेंट होते. माणूस हुशार आणि शिस्तीचा. नेमणुकांतील वशिलेबाजीला त्यांनीं आळा घातला, हें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण बढतीसाठीं त्यांनीं शिक्षकांवर गुप्त शेरे लिहिण्याची पद्धत पाडली. आपल्यावर काय शेरा पडला हें शिक्षिकेस कळत नसे, मग तो चूक असल्यास ती सांगणार तरी कोणास? ह्या एका गोष्टीनें खात्यांतील मनें जितकीं दुखावलीं तितकीं पगाराच्या प्रश्नानेंही दुखावलीं नसतील. यंगबाई ह्या सुमारास, ड्यूई १९०४ सालीं शिकागो सोडून कोलंबिया विद्यापीठांत गेल्यानंतर, नॉर्मल स्कूलच्या प्रमुख झाल्या होत्या.

कूलींनीं १९०९ सालीं पद सोडलें, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें बोर्डानें त्या जागीं यंगबाईंची निवड केली. त्यांचें वय चौसष्ट होतें. तीन लाखांच्या घरांत मुलें आणि सहा हजारांच्या आसपास शिक्षक असलेलें खातें एका स्त्रीच्या हातीं आलें. अमेरिकेंतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीकडे आलेला नव्हता. शिकागोंतील स्त्रियांना मेयर निवडण्याचा अधिकार तेव्हां नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या नेमणुकीचें नवल कळेल. पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय शिक्षक-परिषदेचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. १८५७ पासूनच्या त्या संस्थेच्या इतिहासांत ही पहिली स्त्री. नांवें सुचविणाऱ्या समितीनें एका पुरुषाचें नांव पुढें केलें होतें. प्रतिनिधींनीं भर सभेंत मत देऊन तें बाजूस सारलें.

यंगबाईंनीं काय केलें? गुप्त शेऱ्यांची पद्धत बंद केली. शिक्षकांच्या सभांना खात्याच्या रोजच्या व्यवहारांत स्थान दिलें. हस्तव्यवसायाचें शिक्षण सर्वसाधारण शाळांत वाढविलें आणि हायस्कुलांत दोन वर्षांचे धंदेशिक्षणाचे क्रम काढिले. ह्या शेवटच्या गोष्टीवरून एक महत्त्वाचा झगडा झाला. पदमुक्त झालेले कूली व्यापाऱ्यांच्या कमर्शियल क्लबाच्या वतीनें यूरोपांत फिरून आले आणि जर्मनीच्या धर्तीवर त्यांनीं एक योजना मांडली. चौदा वर्षांपुढील जीं मुलें कामावर जाणार, त्यांच्यासाठीं निराळ्या शाळा, त्यांवर निराळें बोर्ड आणि त्यांस निराळा कर, असा तिचा आशय होता. यंगबाईंचा धंदेशिक्षणास विरोध नव्हता. विरोध होता तो ह्या वेगळेपणास. एका छपराखालीं श्रीमंतांचीं व मजुरांचीं मुलें शिकलीं तर उद्यां तीं एकमेकांस ओळखतील. चौदाव्या वर्षींच दोन रांगा लावल्या तर त्या जन्मभर टिकतील, हें त्यांचें म्हणणें. ड्यूईंनीं तिकडून ह्याच मताचा पुरस्कार केला, मजूरसंघ पाठीशीं उभे राहिले, आणि १९१३ सालीं व त्यापुढेंही इलिनॉयच्या कायदेमंडळांत ती योजना मंजूर होऊं शकली नाहीं.

परंतु बोर्डांत शत्रु वाढत चालले. क्रमिक पुस्तकांची निवड ही मोठ्या पैशाची बाब. तींत कांहीं सभासद ढवळाढवळ करूं लागले. १९१३ सालीं हायस्कुलांतील विद्यार्थ्यांना शरीरधर्म व लैंगिक आरोग्य ह्यांविषयीं व्याख्यानें देण्याचा उपक्रम बाईंनीं सुरू केला, त्यावर धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवला. तो उपक्रम लौकरच बंद पडला. त्याच वर्षीं जुलैंत त्यांनीं राजीनामा पुढें केला. तो मान्य झाला नाहीं. डिसेंबरमध्यें वार्षिक निवडणुकीची वेळ आली. गुप्त मतदानांत बाईंना पुरेशीं मतें पडेनात असें दिसतांच त्यांनीं आपलें नांव काढून घेतलें, आणि बोर्डानें शूप नांवाच्या त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्यास निवडलें.

येथें एक गोष्ट बोर्डाच्या ध्यानांत राहिली नव्हती. त्याच वर्षीं जूनमध्यें इलिनॉय संस्थानानें स्त्रियांना म्युनिसिपल निवडणुकींत मताचा अधिकार दिला होता. थोड्याच दिवसांत शहरांतील एका मोठ्या नाट्यगृहांत स्त्रियांची प्रचंड सभा भरली. स्त्रियांचे क्लब, शिक्षिका, मातांचीं मंडळें सर्व एक झालीं. मेयर हॅरिसन हा अनुभवी राजकारणी होता. नेमणूक करतांना सभासदांकडून तारीख न घातलेलें राजीनामापत्र लिहून घेण्याची त्याची रीत होती. त्यानें बाईंच्या विरुद्ध गेलेल्या कांहीं सभासदांचीं तीं पत्रें आतां स्वीकारलीं, नवे सभासद नेमले, आणि महिना संपण्याच्या आंत यंगबाई पुन्हां आपल्या खुर्चीवर बसल्या.

हा विजय वाचून आनंद वाटतो खरा, पण इतिहासकारानें येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. बाईंना परत आणलें तें शिक्षकांच्या सभांनीं नव्हे, तर मेयरच्या खिशांतील कोऱ्या राजीनाम्यांनीं. लोकमतानें मेयरला वाकविलें हें खरें; पण मेयर ज्या साधनानें बोर्डास वाकवूं शकला तें साधन लोकसत्तेचें नव्हतें. एक चांगला मेयर त्यानें चांगल्या सुपरिंटेंडेंटला वांचवील, तर दुसरा त्याच साधनानें तिला घालवील. घडलेंही तसेंच. १९१५ सालीं थॉम्प्सन हा मेयर झाला. जेकब लोब ह्या बोर्डाच्या सभासदानें आणलेला नियम सप्टेंबरमध्यें मंजूर झाला: मजूरसंघाशीं संबंध असलेल्या संघांत शिक्षकांनीं राहतां कामा नये. यंगबाईंना हा नियम मान्य होणें शक्यच नव्हतें. वर्षअखेरीस, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्या निवृत्त झाल्या. १९१६ सालीं बोर्डानें अडुसष्ट शिक्षकांस पुढील नेमणूक नाकारली; १९१७ सालीं संस्थानाच्या सुप्रीम कोर्टानें बोर्डाचा हा अधिकार उचलून धरला, आणि शिक्षिकांच्या फेडरेशनला मजूरसंघांचा संबंध सोडणें भाग पडलें. त्याच वर्षीं झालेल्या नव्या कायद्यानें शिक्षकांच्या नोकरीस मात्र शाश्वति मिळाली. यंगबाईंनीं महायुद्धाच्या काळांत सरकारी कर्जरोख्यांच्या प्रचाराचें काम अंगावर घेतलें होतें. त्या कामांत असतांनाच इन्फ्लुएंझाच्या साथींत २६ ऑक्टोबर १९१८ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्यामागें शिक्षकांच्या सभांचें काय झालें? १९२४ सालीं आलेल्या मॅकअँड्र्यू ह्या सुपरिंटेंडेंटनें कार्यक्षमतेच्या नांवाखालीं त्या मोडून काढल्या. त्यामुळें १९२७ सालीं, इतिहासाचीं पुस्तकें इंग्रजधार्जिणीं आहेत असला भलताच आरोप ठेवून थॉम्प्सननें त्याला घालवूं पाहिलें, तेव्हां शिक्षकवर्गांतून त्याच्या बाजूनें उभें राहण्यास कोणी फारसें उत्सुक नव्हतें. ज्यानें शिक्षकांचें तोंड बंद केलें त्याच्यासाठीं त्यांनीं तें कां उघडावें? पुढें १९३७ सालीं शिकागोंतील निरनिराळे शिक्षकसंघ एक होऊन ‘शिकागो टीचर्स युनियन’ झाली. १९८८ च्या कायद्यानें प्रत्येक शाळेला पालक, शिक्षक व रहिवासी ह्यांची निवडलेली समिति मिळाली; १९९५ च्या कायद्यानें वरची सत्ता पुन्हां मेयरच्या मुठींत गेली; आणि १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०२४ च्या नोव्हेंबरांत, शिकागोच्या नागरिकांनीं आपल्या स्कूल बोर्डाचे कांहीं सभासद प्रथमच मत देऊन निवडले. एकवीसपैकीं दहा निवडलेले आणि अकरा मेयरनें नेमलेले, अशी ती पहिली विभागणी होती.

ह्या हकीकतीचा आमच्याशीं धागा अगदींच नाहीं असें नव्हे. यंगबाईंचें ऋण मानणारे ड्यूई कोलंबियास गेले, आणि तेथें १९१३ ते १९१६ ह्या काळांत शिकत असलेले डॉ. आंबेडकर त्यांच्या व्याख्यानांस बसले. लोकसत्ता ही केवळ राज्यपद्धति नसून एकत्र राहण्याची, अनुभव वांटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार डॉ. आंबेडकरांच्या लेखनांत ठळकपणें उमटला. त्या विचाराच्या घडणींत शिकागोच्या वर्गांत उभें राहून आयुष्य घालविलेल्या एका शिक्षिकेच्या अनुभवाचाही अंश होता, हें आपल्याकडे फारसें सांगितलें जात नाहीं. मुंबई इलाख्यांतही १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या. शाळा लोकांच्या हातीं आली म्हणजे नेमकी कोणाच्या हातीं आली, हा प्रश्न आपल्याही दारीं तेव्हांच येऊन उभा राहिला.

यंगबाईंच्या कारभाराचें मूल्यमापन करतांना त्यांच्या उणीवाही मांडल्या पाहिजेत. त्यांनीं उभारलेल्या सभांना सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हता. त्या सभा त्यांच्या व्यक्तित्वाच्या आधारानें उभ्या राहिल्या आणि आधार सुटतांच खचल्या. जें कायद्यानें बांधून घ्यावयास हवें होतें तें त्यांनीं सद्भावावर सोडलें. तथापि, मोठ्या खात्याचा प्रमुख होऊनही, खालच्या माणसाच्या बुद्धीवर आपल्या बुद्धीइतकाच विश्वास ठेवतां येतो आणि तसा ठेवल्यानें खातें बुडत नाहीं, हें त्यांनीं सहा वर्षें करून दाखविलें. शाळांच्या कारभाऱ्यांपैकीं हिशेब चोख ठेवणारे पुष्कळ झाले, इमारती बांधणारेही पुष्कळ झाले. वर्गांत खडू धरून उभ्या असलेल्या शिक्षिकेला ‘ह्या बाबतींत तुमचें मत काय?’ असें विचारणारे मात्र फार थोडे. आणि म्हणूनच ह्या बाईंचें नांव आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें.